"बाई, काय लिहू?" : दुसरीच्या मुलांना स्वतःचं लिहितं करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी तुमच्याकडे आहे. फळ्यावरचं मुलं सुबक अक्षरात उतरवून घेतात, श्रुतलेखनातही बरी आहेत. पण "आज तुमच्या मनातलं लिहा" म्हटलं की वर्ग गप्प होतो. कुणी रबराने पान झिजवतं, कुणी शेजारच्या वहीत डोकावतं आणि सगळीकडून एकच प्रश्न येतो, "बाई, काय लिहू?" वर मुख्याध्यापकांना वह्या स्वच्छ आणि तपासलेल्या हव्यात, पालकांना लाल शाईच्या खुणा दिसायला हव्यात. अशा वर्गात मुलांना मोकळेपणाने लिहावंसं वाटेल असं वातावरण कसं तयार करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवलं आणि नंतर ग्रामीण, आदिवासी भागातल्या शिक्षकांसोबत वाचन-लेखनावरच काम केलं. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलांच्या बाजूने बघू. शाळेत आल्यापासून त्यांनी लेखन म्हणून काय काय केलं? अक्षरं गिरवली, फळ्यावरचं उतरवलं, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, रोज दहा ओळी शुद्धलेखन केलं. या प्रत्येक कामात बरोबर उत्तर आधीच कुठेतरी तयार असतं. फळ्यावर असतं, पुस्तकात असतं, नाहीतर बाईंच्या तोंडी असतं. मग एक दिवस अचानक त्यांना असं काम मिळतं, ज्याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. "काय लिहू?" हा त्यांचा अगदी प्रामाणिक प्रश्न आहे. उत्तर कुठे ठेवलंय, एवढंच ती विचारत असतात. पालघर जिल्ह्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेणारा 'लिरिल' नावाचा अभ्यास झाला होता. वर्गात लेखनाला मिळणारा बराचसा वेळ उतरवून काढण्यात जातो, हे त्यातही दिसलं. म्हणजे तुमची मुलं मागे पडलेली नाहीत. त्यांना जे शिकवलं गेलं, ते ती चोख शिकली आहेत.

मूल स्वतःचं कधी लिहितं? त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असतं आणि ते समजून घ्यायला कुणीतरी वाचणार आहे असा त्याला भरवसा असतो, तेव्हा. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं. भिंतीवरचे रंगीत तक्ते, लेखन कोपरा, छापील कृतिपत्रिका यांचा उपयोग होतोच, पण मुलाने वही पुढे केल्यावर तुमची नजर आधी कुठे जाते, यावर वर्गाचं वातावरण ठरतं. समजा, मुलाने आपल्या मांजराबद्दल लिहिलं आहे. तुमची नजर त्या मांजरावर गेली की 'मांजर' शब्दातल्या राहून गेलेल्या अनुस्वारावर, हे मुलाला लगेच कळतं.

म्हणून सुरुवातीला काही गोष्टी बंद करा. शिक्षा म्हणून लिहायला देणं आजपासून थांबवा. "उद्या शंभर वेळा लिहून आण" असं ऐकलेल्या मुलाच्या मनात लेखन आणि शिक्षा एकाच जागी जाऊन बसतात, आणि ती गाठ सोडवायला फार वेळ लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासही निषिद्ध केला आहे. एखाद्याची वही वर धरून "बघा याचं अक्षर" म्हणणं मला तरी त्यातच मोडताना दिसतं. त्याचप्रमाणे स्वतःचं लिहिण्याच्या वेळेत रबर बाजूला ठेवायला सांगा. नको असलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. रबर हातात असलं की दुसरीतलं मूल एका शब्दात दहा मिनिटं अडकतं आणि वाक्याचा शेवट काय होता हेच विसरतं. शिवाय खोडलेला शब्द पानावर राहिला, तर मुलाने कसा विचार केला तेही तुम्हाला दिसतं.

आता 'काय लिहू'कडे येते. 'गाय', 'माझी शाळा', 'माझा आवडता सण' हे विषय मुलांना मोकळं करत नाहीत, कारण त्यांची उत्तरं पाठ असतात. ज्या मुलीच्या गोठ्यात तीन गाई आहेत, तीसुद्धा 'गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात' असंच लिहिते. काल धार काढताना गाईने लाथ मारून चरवी उलटवली आणि आई तिच्यावरच ओरडली, हे ती लिहीत नाही. ते शाळेत लिहिण्याजोगं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा विषय लहान करा, इतका लहान की त्यात एकच प्रसंग मावेल. काल घरी कुणाला राग आला? पावसात कुठून गळलं? खेकडे कुठे सापडतात आणि हाताला चावू नयेत म्हणून कसे धरायचे? आठवडी बाजारात कशासाठी हट्ट केलात आणि मिळालं का? असे प्रश्न विचारले की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि शेजाऱ्याच्या वहीत बघून काही उपयोग होत नाही.

लिहिण्याआधी बोलू द्या, भरपूर. बोलण्यात गेलेला वेळ वाया गेला असं समजू नका. दुसरीतल्या मुलाला वाक्य मनात धरून ठेवणं, त्यातले आवाज सुटे करणं, प्रत्येक आवाजाचं अक्षर आठवणं आणि ते हाताने वळवणं हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. सांगायचं काय ते आधी बोलून पक्कं झालेलं असेल, तर निदान एक ओझं उतरतं. आधी गोलात तीन-चार जणांना सांगू द्या, मग जोडीत एकमेकांना, आणि त्यानंतर वही. ऐकणाऱ्याला एकच काम द्या: "मग काय झालं?" असं विचारायचं. कधीकधी एवढ्या एका प्रश्नाने दोन ओळींच्या पाच ओळी होतात.

पहिलीच्या मुलांसाठी चित्रापासून सुरुवात करा. मूल चित्र काढेल, चित्राबद्दल सांगेल आणि तुम्ही ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहाल. त्याच्याच शब्दांत, हे महत्त्वाचं. ते "बा नं कोंबडी धरली" म्हणालं, तर 'बाबांनी कोंबडी पकडली' लिहू नका. लिहिताना हळू बोला, बोट फिरवत वाचून दाखवा, त्यालाही वाचू द्या. आपण बोललो तेच कागदावर उमटलं आणि उद्याही ते तसंच वाचता येतं, हा अनुभव मुलाला हलवून टाकणारा असतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला आज कोणता शब्द हवा ते विचारायच्या आणि तो त्याच्यासाठी कार्डावर लिहून द्यायच्या. भीतीचे आणि मायेचे शब्द मुलांना सगळ्यात लवकर लक्षात राहतात, हे त्यांना त्यातून दिसलं. तुमच्या पहिलीच्या मुलांनाही विचारून बघा. 'कमळ' आणि 'बदक' कुणी मागणार नाही. भूत, आई, बाबांची गाडी, कुत्रा, वीज असे शब्द येतील.

"पूर्ण मुळाक्षरं आणि बाराखडी आल्याशिवाय ही मुलं लिहिणार कशी?" असा आक्षेप तुम्हाला शाळेतच ऐकू येईल. फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांना दाखवून दिलं, की अक्षरं आणि मात्रा लहान गटांत, एकत्र शिकवल्या तर मुलं फार लवकर अर्थपूर्ण शब्दांपर्यंत पोचतात. स्वतःच करून बघा. म, क, न, ल, आ आणि काना एवढंच आलं तरी 'मामा आला', 'काका आला', 'नाक', 'कान', 'मका', 'मला' लिहिता येतं. चित्राखाली 'मामा आला' लिहिणाऱ्या मुलाने वाक्य लिहिलं आहे. त्याला 'ज्ञ' येण्याची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात खरी काळजी चुकांची आहे, म्हणून तिथे जरा थांबते. समजा, दुसरीतल्या एका मुलीने असं लिहिलं:

कल आमच मजर हरवल. आजी रडल. मग ते चुलित सपडल.

सवयीने बघितलं तर या तीन ओळी लाल होतील. नीट बघा. 'आमच' आणि 'आजी' या शब्दांत तिने 'आ' बरोबर लिहिला आहे. म्हणजे आवाज तिला ओळखता येतो, फक्त तो काना होऊन व्यंजनाला चिकटतो तेव्हा तिच्या हातून सुटतो: काल, मांजर, सापडलं, तिन्हीकडे. 'चुलित'मध्ये उकारही आहे आणि वेलांटीही, तेव्हा तिला मात्रा येत नाहीत असं म्हणता येणार नाही. 'आजी'ला वेलांटी आहे आणि 'रडल'ला नाही, कारण 'आजी' हा शब्द तिने शंभरदा पाहिला असणार. अनुस्वार अजून आलेलाच नाही. एवढ्या तीन ओळींवरून पुढच्या आठवड्यात या मुलीला काय शिकवायचं ते तुम्हाला कळलं: काना. श्रुतलेखनाचे दहापैकी चार गुण बघून हे कधीच कळलं नसतं.

अमेरिकेत चार्ल्स रीड या भाषाभ्यासकाने १९७१ मध्ये अगदी लहान मुलांनी स्वतःच जुळवलेल्या स्पेलिंगचा अभ्यास मांडला. मुलांच्या या चुका अंदाधुंद नसतात, उच्चार बारकाईने ऐकून त्यांनी काढलेले ते निष्कर्ष असतात, हे त्यात ठळकपणे दिसलं. आपल्या लिपीत याची उदाहरणं पावलोपावली सापडतात. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहायची अक्षराच्या आधी. 'सूर्य'मधला र आधी ऐकू येतो आणि त्याचा रफार मात्र पुढच्या 'य'च्या डोक्यावर बसतो. मूल ऐकू येईल त्या क्रमाने लिहितं आणि आपण त्याला वेंधळं म्हणतो. 'गोष्ट'चं 'गोश्ट' करणारं मूल कानाला प्रामाणिकच असतं. आज आपल्यापैकी किती जण 'श' आणि 'ष' वेगळे उच्चारतात?

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर मी स्पष्टच सांगते, दुसरीत त्याचा आग्रह सोडा. मराठी बोलताना हा फरक पुष्कळदा कानाला कळतच नाही. तो नियमाने आणि डोळ्यांच्या सवयीने येतो आणि ती सवय वाचनातून लागते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. त्याआधीची माणसं 'कांहीं' आणि 'नांव' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार देत असत. कुणाच्या घरी पणजोबांचं पत्र असेल तर वर्गात आणून दाखवा, पालकांनाही दाखवा. त्या पत्राचं लेखन आजच्या नियमात बसत नाही, तरी खुशाली पोचते.

मग त्या मांजराच्या पानावर लिहायचं काय? मी लाल पेन वापरणार नाही. साध्या निळ्या शाईने, ठळक अक्षरात खाली लिहीन: 'मांजर चुलीत सापडलं! राखेने पांढरं झालं होतं का? आजी मग हसली का?' या उत्तरात तिचे चुकलेले तीन शब्द बरोबर रूपात तिच्यासमोर येतात, ते ती वाचते, कारण ते तिच्या मांजराबद्दल आहेत. एकही फुली मारावी लागत नाही. आणि ती हमखास पुढचं लिहून आणते, कारण तिला विचारलं गेलं आहे.

शुद्धलेखन शिकवूच नका, असं माझं म्हणणं मुळीच नाही. शिकवाच, पण वेगळ्या वेळी, आणि मुलांच्याच लेखनातून शब्द घेऊन. रोज दहा मिनिटं पुरतात. आज कान्याचा खेळ: फळ्यावर 'कल' आणि 'काल', 'मळ' आणि 'माळ', 'गर' आणि 'गार' लिहून वाचायचं, काना पुसला की शब्द कसा बदलतो ते बघायचं. ज्यांच्या वह्यांमधून हे शब्द आले त्यांची नावं घ्यायची नाहीत. मुलं वारंवार विचारतात ते शब्द मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि दर आठवड्याला चार-पाच शब्दांचीच भर घाला. लिहिता लिहिता मुलाने "'मांजर' कसं लिहू?" विचारलं तर सांगून टाका. मात्र त्याआधी एकदा म्हणा, "तुला काय काय ऐकू येतंय ते लिही, मग आपण बघू." हळूहळू विचारणं कमी होतं.

लेखन निर्दोष करण्याची खरी निकड तेव्हा येते, जेव्हा ते वर्गाबाहेरच्या कुणाच्या हातात जाणार असतं. आपल्याकडे यासाठी फार सुंदर परंपरा आहे, हस्तलिखिताची. बहुतेक शाळांत ते वर्षातून एकदा निघतं, चार सुंदर अक्षरवाली मुलं सगळं उतरवतात आणि ते कपाटात जातं. ते लहान करा आणि वरचेवर काढा. एक कोरा कागद दोनदा दुमडला, वरची घडी कापली आणि मध्ये दोरा घातला की आठ पानांचं पुस्तक तयार होतं. 'आमच्या गावातले खेकडे', 'हरवलेल्या वस्तू', 'आजीची औषधं' अशी पुस्तकं मुलं एका आठवड्यात करतात. पक्की प्रत काढताना मात्र मुलासोबत बसून शब्द सुधारा. तेव्हा ते कुरकुर करत नाही, कारण दुसऱ्याला वाचता यावं हे त्यालाही हवं असतं. फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात छोटा छापखाना आणला होता. मुलं आपापलं लिहीत, छापत आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवत. तुम्हाला छापखाना नको. शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटातल्या, एखाद्या शाळेशी पुस्तकांची अदलाबदल ठरवा आणि 'ही तुमची खेकड्यांची गोष्ट आम्हाला आवडली, पण आमच्याकडे ते काळे असतात' असं उत्तर आलं की तुमच्या वर्गात काय उत्साह येतो ते बघा.

पत्रं हा असाच खऱ्या निमित्ताने लिहिण्याचा प्रकार आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्या गावात असतील, तर दिवाळीनंतर काही मुलं अचानक वर्गातून नाहीशी होतात. मागे राहिलेल्यांना त्यांची आठवण येते. त्यांना पत्र लिहू द्या, फडावरचा पत्ता मिळणार नसेल तर मुकादमाच्या फोनवर पानाचा फोटो पाठवा. तिकडून एक ओळ आली तरी दोन्हीकडची मुलं लिहिती राहतात.

आता भाषेबद्दल. वऱ्हाडातलं मूल 'मले' लिहील, मालवणातलं 'माका'. पहिल्या वर्षी हे जसंच्या तसं राहू द्या. आपल्या घरची बोली चूक आहे असं ज्या मुलाला कळतं, ते आधी बोलायचं थांबतं आणि मग लिहायचं. पुढे तिसरीत फळ्यावर 'मले' आणि 'मला' शेजारी शेजारी लिहा आणि आजी काय म्हणते, पुस्तक काय म्हणतं, एवढंच बघा. गोष्टीत आजी बोलत असेल तर तिला आजीच्याच भाषेत बोलू द्या, ती गोष्ट जास्त चांगली होते. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. या मराठीच्या बोली नव्हेत, स्वतंत्र भाषा आहेत, आणि ती मुलं एकाच वेळी नवी भाषा आणि लिहिणं दोन्ही शिकत असतात. त्यांनी आपल्या भाषेतलं वाक्य देवनागरीत लिहिलं तर ते त्यांनाच वाचायला सांगा, अर्थ सांगायला सांगा आणि मराठी ओळ खाली तुम्ही लिहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. मुलाकडे जे आहे तिथून सुरुवात करण्याचा वारसा आपल्याच मातीत आहे.

वर्गासमोर वाचून दाखवणं हा आनंदाचा भाग व्हावा, पण तिथेच मुलं दुखावलीही जातात. वाचायचं की नाही हे मुलानेच ठरवावं. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांनी दोनच गोष्टी करायच्या, काय आवडलं ते सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. टाळ्या आणि 'छान' यावर भागवू नका, "तुला चुलीतलं मांजर ऐकताना काय दिसलं?" असं विचारा. कुणी हसलं, तर लगेच आणि शांतपणे थांबवा. हे पहिल्या महिन्यात जितक्या ठामपणे कराल, तितकी पुढे गरज कमी पडेल.

तुम्हीही लिहा. मुलं लिहीत असताना हजेरीपट भरू नका. आठवड्यातून एकदा फळ्यावर सगळ्यांसमोर लिहा आणि मोठ्याने विचार करा: "काल एसटी चुकली... नको, आधी पाऊस आला ते सांगते." शब्द खोडा, मध्ये शब्द घुसवा. मोठी माणसंही एका दमात लिहीत नाहीत हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेलंच नसतं. छापील पुस्तक बघून त्यांना वाटतं, लिहिणं असंच सरळ बाहेर येतं.

वेळ आणि साहित्य याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रोज पंचवीस-तीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी. पाटी अक्षरांच्या सरावाला चांगली, पण स्वतःचं लेखन कागदावर हवं, कारण पाटीवरचं पुसलं जातं आणि मुलाला मागे वळून काही बघता येत नाही. पंचायतीतले, झेरॉक्सच्या दुकानातले पाठकोरे कागद पुरतात. दोन इयत्ता एकत्र आहेत याची अडचण मानू नका. दुसरीतली मुलं पहिलीतल्यांची लेखनिक होतात आणि दुसऱ्याचं बोलणं लिहून घेताना त्यांचं स्वतःचं लेखन फार भराभर सुधारतं. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका, त्याला बाकाच्या किंवा रांगेच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी धडक होत नाही.

तीस वह्यांना रोज उत्तर कसं देणार? देऊच नका. रोज सहा वह्या घ्या, सोमवार ते शुक्रवार तीस होतात. आठवड्यातून एकदा मिळालेलं खरं उत्तर रोजच्या बरोबरच्या खुणेपेक्षा मुलाला कितीतरी जास्त देऊन जातं.

काही मुलं यानंतरही लिहिणार नाहीत. घाई करू नका, पण दुर्लक्षही करू नका. पेन्सिल धरताना बोटं दुखतात का, फळा नीट दिसतो का, ते आधी बघा. ते मूल बोलून सांगतं का? सांगत असेल तर तुम्ही लिहून घ्या आणि शेवटचा एक शब्द त्याला लिहायला ठेवा, पुढच्या आठवड्यात शेवटचं वाक्य. वाचन आणि लेखन दोन्ही बराच काळ अडलेलं दिसलं, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आपणच एखादं नाव देऊन मोकळं होऊ नका.

आणि मुलं मोकळी झाली की जड गोष्टीही लिहितात. बाबा पितात, आईला मारतात, बहीण वारली. हे पान भिंतीवर लावायचं नाही आणि मोठ्याने वाचायचं नाही, मूल स्वतः म्हणालं तरी एकदा विचार करा. त्याला जवळ घेऊन एवढं सांगा, की तू लिहिलेलं मी वाचलं आणि मला कळलं. व्याकरणाला त्या पानावर जागा नाही. मुलाला धोका आहे असं वाटलं तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे आणि मुख्याध्यापकांशी बोलणं आपलं कर्तव्यच आहे. मुलांनी विश्वास टाकला की हेही आपल्याकडे येणार, याची तयारी ठेवूनच लेखनाचा तास सुरू करावा.

राहिले मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि पालक. त्यांच्याशी वाद घालू नका, दोन वह्या ठेवा. एक नेहमीची, अभ्यासाची, ती नियमाप्रमाणे तपासा. दुसरी मुलाची स्वतःची. तिच्या मुखपृष्ठावर आतल्या बाजूला दोन ओळी लिहा, की ही वही बाई वाचतात आणि उत्तर देतात, हिच्यात चुकांवर खुणा केल्या जात नाहीत, चुका रोज दहा मिनिटांच्या तासाला शिकवल्या जातात. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घाला. जूनमधलं एक पान प्रत्येक मुलाचं वेगळं काढून ठेवा, त्यावर काहीही लिहू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा असते, त्या दिवशी प्रत्येक पालकाच्या हातात त्यांच्या मुलाचं जूनचं आणि ऑक्टोबरचं पान शेजारी शेजारी द्या आणि जमल्यास ऑक्टोबरचं पान मुलालाच वाचून दाखवायला सांगा. ज्या आईबापांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम सांगते आहे. केंद्रप्रमुख आले की त्यांनाही हीच पानं दाखवा आणि मुलांच्या चुकांचे प्रकार कसे बदलत गेले ते सांगा: जूनमध्ये काना सुटत होता, आता काना येतो आणि जोडाक्षरं अडतात. शिक्षकाला मुलाचं शिकणं इतक्या बारकाईने माहीत आहे हे दिसलं, की लाल खुणा कुठे गेल्या असं सहसा कुणी विचारत नाही. तरीही कुणी विचारलंच, तर तपासलेली पहिली वही त्यांच्यापुढे ठेवा आणि दुसरी मुलांकडेच राहू द्या.